लेट्यूसचा पेरा दसऱ्यानंतर



गेल्या जुलैमध्ये शाळेत वृक्षारोपणाचा कार्यक्रम झाला. त्या दिवशी सहावी ते आठवीच्या मुलांना भाजीच्या बियाण्याचे एकेक पाकीटही भेट म्हणून मिळाले. माझी नात सहावीत आहे. तिच्या वाट्याला लेट्यूस आले, म्हणजे बर्गरमध्ये घालतात ती हिरवी कुरकुरीत पाने. ती हरखून गेली. घरी आल्यावर दप्तर पाठीवरून न उतरवताच गच्चीवर धावली. कुंडी माझी, माती माझी आणि पेरताना शेजारी उभीही मीच होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झाले त्यात माझाही वाटा आहे.

आठ-दहा दिवस तिने नेमाने पाणी घातले. मग चार कोंब आले. सुतासारखे बारीक, पांढुरके, मान लांब काढून उजेड शोधणारे. दोन दिवस झड लागली आणि ते चारही मातीला चिकटून गेले. 15 ऑगस्टला झेंडावंदन करून आम्ही परत येत होतो, तेव्हा रिक्षात ती मला म्हणाली, “आजी, माझ्या हाताला गुणच नाही. अंबाडी मिळालेल्यांची सगळ्यांची आली. लेट्यूसवाल्यांपैकी कुणाचंच आलं नाही. आम्हाला लावताच येत नाही.”

अकरा वर्षांची मुलगी स्वतःच्या हातांविषयी हे बोलली, म्हणून हा लेख लिहायला घेतला आहे. ज्यांनी बियाणे दिले त्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. पाकिटातले बीही खराब नव्हते, ते कसे कळले ते पुढे येईलच. चूक झाली ती वेळेची. ही चूक आपण सगळ्यांनी मिळून, टाळ्या वाजवून केली आणि तिचा दोष मात्र मुलांनी आपल्या माथी घेतला. पुढच्या वर्षी ती टाळता येईल. त्यासाठी शाळेच्या वेळापत्रकात एक लहानसा बदल करावा लागेल. माझे म्हणणे पालकांपुढे आणि विश्वस्त मंडळापुढे ठेवते. पटले तर घ्यावे.

पहिल्यांदा माझीच जुनी फजिती सांगते. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही बरकतपुऱ्यात राहत होतो. घराला लहानसे अंगण होते. न्यू जर्सीहून आलेल्या नणंदेने सुंदर चित्रांची बियाण्याची पाकिटे आणली. लेट्यूसच्या पाकिटावर छापले होते की वसंताच्या सुरुवातीला पेरा. मी बँकेत नोकरी केलेली बाई, छापील सूचना अक्षरशः पाळायची सवय. वसंताची सुरुवात म्हणजे आपला चैत्र, असा हिशेब करून मी गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, गुढी उभारल्यानंतर, ते बी पेरले. एकही उगवले नाही. सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “कोणत्या गावचा वसंत लिहिलाय त्यावर, ते विचारलंस का?”

हा प्रश्न मला तेव्हा टोमणा वाटला होता. आज वाटते की सगळा विषय त्या एका वाक्यात आला. न्यू जर्सीचा वसंत म्हणजे नुकतेच बर्फ वितळून जमीन मोकळी झालेली असते. तिथल्या एप्रिलमधला गारवा आपल्याकडे मार्गशीर्ष-पौषातल्या पहाटेला असतो. हैदराबादेत चैत्र उजाडतो तेव्हा दुपारचे तापमान 35-36 अंशांवर गेलेले असते. पाकीट खोटे बोलत नव्हते, फक्त ते माझ्याशी बोलत नव्हते.

आता लेट्यूसचे मागणे काय आहे ते पाहू. हे थंड हवेचे झाड आहे. 15 ते 20 अंशांच्या आसपासची माती मिळाली की बी चार-सहा दिवसांत उगवते. माती 28-30 अंशांच्या वर गेली की बऱ्याच जातींचे बी मरत नाही, पण उगवायचे नाकारते. ते झोपी जाते. बाहेर ऊन आहे, आता उगवलो तर करपून जाऊ, एवढी समज त्या कणाएवढ्या बियात असते. आपण मात्र वरून पाणी ओतत राहतो आणि शेवटी ते कुजते. रोप वाढताना उष्णता आणि लांब दिवस मिळाले तर पाने धरण्याऐवजी मधून उंच दांडा निघतो, पानांतला दुधासारखा चीक वाढतो आणि चव कडू होते. शास्त्रीय नाव लॅक्टुका हेसुद्धा लॅटिनमधल्या दूध या अर्थाच्या शब्दावरून आलेले आहे.

विद्यार्थी मित्रांसाठी आणखी एक गोष्ट. लेट्यूसच्या पुष्कळ जातींच्या बियांना उगवायला उजेड लागतो. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या बेल्ट्सव्हिल येथील सरकारी शेती संशोधन केंद्रात बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 साली याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. भिजवलेल्या लेट्यूसच्या बियांवर त्यांनी आळीपाळीने लाल आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा अतिलाल प्रकाश टाकला. शेवटचा झोत लाल असेल तर बी उगवे, अतिलाल असेल तर बहुतेक बी झोपून राही. मध्ये कितीही वेळा अदलाबदल केली तरी शेवटचा झोत काय होता तेवढेच बी लक्षात ठेवी. वनस्पतींमधल्या फायटोक्रोम या द्रव्याचा शोध या वाटेने लागला. अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात हे नाव भेटेल तेव्हा लेट्यूसची आठवण ठेवा. माझ्या नातीने आणि मी ते बी वालाच्या बियासारखे बोटाचे एक पेर खोल टोचले होते. वेळ चुकली होतीच, शिवाय आम्ही त्याला अंधारकोठडीत घातले.

हैदराबाद दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून थोडे उंच आहे. आपल्या थंडीची सगळी मौज रात्री आणि पहाटे असते. दुपार डिसेंबरातही 28 अंशांच्या आसपास जाते, पण पहाटेचे सरासरी तापमान ऑक्टोबरात 20 अंशांपर्यंत उतरते, नोव्हेंबरात 16-17 आणि डिसेंबर-जानेवारीत 14-15 च्या घरात येते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात दुपार 32 च्या पुढे जाऊ लागते आणि खेळ आटोपतो. म्हणजे लेट्यूसला मानवेल असा आपला काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा, साडेचार महिन्यांचा. पेरा करायचा तो ऑक्टोबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत. त्यानंतर पेरलेले उगवते, पण पाने धरायच्या आत दांडा काढते. ज्यांना तापमानाचे आकडे नको असतील त्यांनी माझी खूण वापरावी. पहाटे चारला पंखा सुरू असताना झोपेतच पायथ्याची चादर ओढून घ्यावीशी वाटली, की बी भिजवायला घ्या.

जुलैत असे काय बिघडते? पावसाळ्यात तर सगळे हिरवे होते, असे कुणी म्हणेल. मलाही तसेच वाटले होते. पण पावसाळ्यातल्या आपल्या रात्री 22-23 अंशांच्या खाली फारशा जात नाहीत, हवा दमट असते, ऊन कमी असते आणि कुंडीतली माती वाळतच नाही. कोवळे रोप बुडाशी कुजून कोलमडते. जे त्यातून वाचते ते गोगलगायी खातात. अंबाडी, माठ, मायाळू यांना हीच दमट ऊब हवी असते, म्हणून ज्यांना अंबाडी मिळाली त्यांच्या कुंड्या भरल्या. अंबाडीवाल्या मुलांचा हात चांगला आणि लेट्यूसवाल्यांचा वाईट, असे काही नव्हते.

इथे सासूबाईंकडे पुन्हा यावे लागते. त्या परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या. आपल्या शाळेतल्या पुष्कळ कुटुंबांची मुळे मराठवाड्यात आहेत, आणि मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा हे वेगळे समजावून सांगायला नको. सासूबाई तारखांनी चालत नसत, नक्षत्रांनी चालत. मृगावर मूग-उडीद, आणि हस्त-चित्रा लागली की रब्बीची ज्वारी आणि करडई. आपल्या तेलुगू शेजाऱ्यांकडेही हेच आहे. ते नक्षत्राला कार्ते म्हणतात, आणि मृगशिर कार्ते लागली की नामपल्लीच्या मैदानावर दम्याच्या माशाच्या प्रसादासाठी रांगा लागतात हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. जूनचे नक्षत्र आपण विसरलो नाही, ऑक्टोबरचे विसरलो.

मी एकदा बाजारातून आणलेले लेट्यूस चिरत होते. सासूबाईंनी एक पान तोडले, देठाचा चीक बोटावर घेतला, चाखले आणि म्हणाल्या, “ही तर पाथरी आहे, पोसलेली.” ज्यांना पाथरी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रब्बीच्या शेतात, ज्वारी-करडईच्या ओळींत ही भाजी आपोआप येते. जमिनीलगत पसरलेली पाने, तोडले की पांढरा चीक, जराशी कडवट चव. निंदणाऱ्या बाया ती उपटून, झटकून, तिखट-मिठाबरोबर भाकरीशी कच्चीच खातात. पुढे मी पुस्तकात पाहिले तर म्हातारीचे म्हणणे अगदी बरोबर निघाले. लेट्यूस आणि पाथरी दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या, त्यातही चिकाच्या एकाच शाखेतल्या. करडई आणि शेवंतीही त्याच मोठ्या घराण्यातल्या. करडईची कोवळी पाने आपण भाजी म्हणून खातोच. मग लेट्यूस कधी पेरायचे हा प्रश्न न्यू जर्सीच्या पाकिटाला विचारायचे काही कारणच नव्हते. करडई पेरायची वेळ ती लेट्यूसची वेळ. उत्तर घरात, पायरीवर बसले होते.

‘विदेशी पाला आपल्या मुलांना कशाला’ असे एका पालकसभेत मागे कुणी म्हणाल्याचे आठवते. त्यांच्यासाठी आणखी एक माहिती. चारमिनारच्या बाजूला युनानी औषधांच्या दुकानात जाऊन तुख्म-ए-काहू मागा. जे बारीक, लांबट बी पुडीत बांधून मिळेल ते लेट्यूसचेच. त्याचे तेल, रोगन काहू, झोप येण्यासाठी डोक्याला चोळायची जुनी रीत आहे. म्हणजे ज्याला आपण बर्गरमधले नवे पान समजतो ते काहू या नावाने या शहरात जुनेच आहे. (ती पुडी मात्र पेरायला आणू नका. औषधासाठी ठेवलेले बी किती जुने असेल याचा नेम नसतो.)

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. लेट्यूसच का? मेथी, कोथिंबीर लावा, घरात रोज लागते. खरे आहे, आणि त्यांचीही चांगली वेळ हीच. पण मेथी दयाळू असते. थोडी चूक झाली तरी ती चालवून घेते, आणि म्हणून मुलांना काही विचारायला लावत नाही. लेट्यूस हट्टी आहे. वेळ चुकली की ते तोंडावर सांगते. आज सुपरबाजारात ते बाराही महिने प्लॅस्टिकच्या डब्यात दिसते, कारण शहराबाहेरच्या पॉलिहाउसांत आणि निलगिरीसारख्या थंड डोंगरांवर ते पिकवले जाते. रयतू बाजारातल्या मावशीकडे गवार, वाल, तुरीच्या शेंगा यांचा आपापला मोसम असतो, तो आपल्या मुलांना अजून थोडाफार दिसतो. डब्यातल्या पानाला मोसमच नाही असे त्यांना वाटते. त्या पानालाही ऋतू असतो, हे एकदा स्वतःच्या कुंडीत पाहिलेले मूल बाजारात उभे राहून वेगळे प्रश्न विचारील.

आता विश्वस्त मंडळाला विनंती. जुलैतले वृक्षारोपण बंद करा असे मी मुळीच म्हणत नाही. 2015 मध्ये राज्यात हरितहारम सुरू झाल्यापासून आपली शाळाही जुलैत झाडे लावत आली, ते योग्यच आहे. झाडाला पुढचे तीन महिने पाऊस मिळतो. पण त्याच दिवशी, त्याच टेबलावरून भाजीचे बी वाटू नका. किंवा वाटायचेच असेल तर जुलैत अंबाडी, माठ आणि मायाळू वाटा. अंबाडीला तर इथे गोंगुरा आणि पुंटिकूरा अशी दोन-दोन नावे आहेत, मुलांना शेजाऱ्यांशी बोलायला विषय मिळेल. लेट्यूस, मेथी, पालक, मुळा, गाजर यांची पाकिटे मात्र कपाटात कुलूपबंद ठेवा आणि दसऱ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल तेव्हा वाटा.

आपल्याकडे बतुकम्मा आणि दसरा धरून जवळपास दोन आठवड्यांची सुट्टी मिळते. सुट्टीत कुंडीला पाणी कोण घालणार, हा प्रश्न जुलैत पेरले तर ऐन वाढीच्या वेळी येतो. सुट्टीनंतर पेरले तर तो येतच नाही. पुढची मोठी सुट्टी थेट संक्रांतीची. ऑक्टोबरच्या मध्यावर पेरलेल्या सुट्या पानांच्या लेट्यूसची बाहेरची पाने पाच-सहा आठवड्यांत तोडता येतात. मार्चच्या मध्यावर अर्ध्या दिवसाची शाळा सुरू होते, तोवर आरामात तीन पेरे होतात. सहामाही परीक्षा मध्ये येते हे मान्य. पण कुंडीला सकाळी अर्धा तांब्या पाणी घालण्याने कुणाचे गुण कमी झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

एक अडचण मात्र मी लपवणार नाही. दसऱ्याची तारीख हलते. 2023 मध्ये तो 24 ऑक्टोबरला होता, 2024 मध्ये 12 ऑक्टोबरला आणि 2025 मध्ये 2 ऑक्टोबरला. अधिक मासामुळे तीन आठवड्यांचा फरक पडतो, आणि 2 ऑक्टोबरला हैदराबादेत पुरेसा गारवा नसतो. चित्रा नक्षत्र मात्र सूर्याच्या चालीवर असल्याने दर वर्षी 10-11 ऑक्टोबरच्या सुमारास लागते आणि स्वाती 23-24 च्या सुमारास. म्हणून दसरा लवकर आला तर शाळा उघडल्या उघडल्या घाई न करता चित्रा लागेपर्यंत थांबावे. शिवाय ऑक्टोबरातला पाऊस. 13 ऑक्टोबर 2020 च्या रात्री या शहरात जो पाऊस कोसळला तो कुणी विसरणार नाही. कित्येक वस्त्या पाण्याखाली गेल्या, तिथे कुंड्यांची काय कथा. त्यामुळे माझे मत असे की पेरा चित्रात, पण सज्जाखाली, ट्रेमध्ये किंवा पसरट कुंडीत करावा. रोपांना चार-पाच पाने फुटली की दिवाळीच्या पुढेमागे ती मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात हलवावीत. उघड्या वाफ्यात थेट बी टाकायचे असेल तर नोव्हेंबर उजाडू द्यावा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पालकांनी जागा नाही म्हणून मागे सरू नये. आम्हीही आता काचीगुड्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. लेट्यूसची मुळे उथळ असतात, सहा-आठ इंच खोल डबा पुरतो, फक्त बुडाला भोके हवीत. माती, गांडूळखत आणि थोडे कोकोपीट सारख्या भागांनी मिसळावे. एका ग्रॅममध्ये आठशे ते हजार बिया असतात, तेव्हा सगळे पाकीट एकदम उधळू नका. चिमूटभर बी ओल्या सुती फडक्यात गुंडाळून, वाटीत झाकून, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात दीड-दोन दिवस ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात नव्हे. मग संध्याकाळी ऊन उतरल्यावर ओल्या मातीवर भुरभुरावे आणि वरून माती इतकीच पसरावी की बी जेमतेम झाकले जाईल. झारी नसेल तर हाताने शिंपडावे, धार सोडली तर बी एका कोपऱ्यात वाहून जाते. दोन रोपांत वीतभर अंतर. सकाळचे ऊन मिळावे, दुपारी एकनंतरचे हिरव्या जाळीने किंवा जुन्या ओढणीने अडवावे. चेंडूसारखा गड्डा धरणाऱ्या जातीच्या नादी लागू नका. तिला दीर्घ आणि एकसारखा गारवा लागतो, आपल्या दुपारी तिला झेपत नाहीत. सुट्या पानांची जात घ्यावी. गड्डा धरला नाही म्हणून पुन्हा एखादे पोर हिरमुसायला नको.

आणि फेब्रुवारीअखेर एखाद्या रोपाने दांडा काढलाच, तर ते उपटू नका. तसेच राहू द्या. कमरेएवढे वाढेल, लहान पिवळी फुले येतील, अगदी पाथरीच्या फुलांसारखी, आणि मग म्हातारीच्या केसांसारखे पिसे लावलेले बी धरेल. वाऱ्याने उडण्याआधी कागदात झाडून घेतले तर पुढच्या चित्रासाठी शाळेला विकत बी आणावे लागणार नाही.

आमच्या घरचे सांगायचे राहिले. जुलैत वापरलेल्या त्याच पाकिटात अर्ध्याहून जास्त बी शिल्लक होते. मी ते डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले होते. शाळा उघडल्यावर नातीला म्हटले, पुन्हा टाकू या. ती म्हणाली, “तूच टाक. माझ्या हाताने नको.” खूप मनवावे लागले. बी फ्रिजमध्ये ठेवायचे म्हटल्यावर ती हसली, बी काय आइस्क्रीम आहे का म्हणाली. चित्रा लागून चार-पाच दिवस झाले होते. पेरल्यापासून पाचव्या दिवशी सकाळी ती गच्चीवरून ओरडत खाली आली. मोजले तेव्हा सत्तावीस कोंब होते. तिने दुपारी पुन्हा मोजले, तेव्हा एकतीस झाले होते. बारा रोपे आम्ही ठेवली. बाकीची दह्याच्या रिकाम्या डब्यांतून वर्गातल्या लेट्यूसवाल्या मैत्रिणींकडे गेली. त्यातली दोन जगली नाहीत असे कळले, एक मांजरीने उकरले.

परवा भोगीला बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, लोणी आणि ताटाच्या कडेला ही पाने होती, वर नुसते मीठ आणि दाण्याचे कूट. सासूबाई असत्या तर तिखट मागितले असते. जेवण झाल्यावर नातीने ते जुने पाकीट आणले, त्यावर छापलेल्या सूचनेवर पट्टी ठेवून आडवी रेघ मारली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिले: ‘जुलैत नको. चित्रा. खोल टोचू नये.’ पाकिटात अजून चिमूटभर बी आहे. सहावीतल्या ज्या मुलामुलींचे जुलैत उगवले नव्हते त्यांनी या आठवड्यात मधल्या सुट्टीत तिच्याकडून मागून घ्यावे. संक्रांत होऊन गेली असली तरी पहाटे अजून चादर लागते आहे.